त्रिरश्मी लेणी : दगडात जपलेला हिशोब

सुटीच्या दिवशी मुलांना कुठे घेऊन जायचे, हा प्रश्न कष्टकरी कुटुंबांपुढे नेहमीच असतो. बाग झाली, सिनेमा झाला, जत्रा झाली. संग्रहालयाचे नाव काढले की मुले तोंड वाकडे करतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी येते. पण जगात दुसऱ्या तऱ्हेचीही संग्रहालये आहेत. ती उघड्यावर असतात. जुनी घरे, विणकरांचे माग, कुंभाराचे चाक, तेलाचा घाणा असे सारे तेथे माळावर किंवा टेकडीवर मांडलेले असते आणि लोक त्यातून हिंडत पाहतात. स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात १८९१ साली ‘स्कान्सेन’ नावाचे असे संग्रहालय सुरू झाले. आपल्याकडे भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासींची घरे उघड्या टेकडीवर उभी आहेत. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ साली ‘दक्षिणचित्र’ सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कणेरी येथे जुन्या गावगाड्याचे आणि बारा बलुतेदारांचे देखावे पुतळ्यांतून उभे केले आहेत.

ही सारी ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, यात वाद नाही. परंतु आपल्या घरातील वडीलधारी मंडळी अशा देखाव्यासमोर उभी राहिली, तर त्यांच्या मनात एक प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही. काम तर दिसले, पण त्या कामाचा मोबदला कुठे आहे? काम करणाऱ्याचे नाव कुठे आहे? गावगाडा चित्रात कितीही सुंदर दिसला, तरी आपल्या आजोबा-पणजोबांसाठी तो रात्री-अपरात्री पडणाऱ्या हाकेचा आणि हक्काच्या भाकरीसाठी हात पसरण्याचा गाडा होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच कारणासाठी. प्रत्यक्षात ती वतने रद्द व्हायला १९५८ सालचा कायदा यावा लागला. म्हणून जुन्या कारागिरीकडे पाहताना आपण हिशोबही मागितला पाहिजे.

आणि असा हिशोब ज्या जागी दगडात लिहून ठेवलेला आहे, ती जागा नाशिककरांच्या दाराशीच आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतचा त्रिरश्मी डोंगर आणि त्यावरची लेणी! आमच्या वस्तीतील वीस-पंचवीस मंडळी एका रविवारी तेथे गेलो. बरोबर लहान मुले होती, कॉलेजची मुले-मुली होत्या, दोन-तीन आज्याही होत्या. दर्शन घेऊन, फोटो काढून खाली यायचे नाही, प्रत्येक लेणे संग्रहालयातील एका दालनासारखे पाहायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते.

नाव कोणाचे?

सुमारे दोनशे पायऱ्या चढून गेल्यावर डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तशी लेण्यांची रांग लागते. क्रमांक दिलेली लेणी चोवीस आहेत. सर्वांत जुने लेणे दोन हजार वर्षांपलीकडचे असून पुढे कित्येक शतके येथे भर पडत गेली. लोक त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. आमच्यातील एका मुलाने विचारले, “काका, पांडवांनी कोरली म्हणून हे नाव का?” आम्ही त्याला सांगितले की येथे इतके शिलालेख आहेत, पण लेणी पांडवांनी कोरली असे एकाही लेखात नाही. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाची तुलना अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी केली आहे, तेवढाच काय तो संबंध. डोंगराचे नाव मात्र लेखांत स्वच्छ आहे. कुठे ‘तिरण्हु’, तर कुठे ‘त्रिरश्मि’.

एकोणिसाव्या क्रमांकाचे लेणे लहान आहे, पण मान मोठा. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने ते करवले, असे तेथे लिहिले आहे. आपल्या शहराचे ‘नासिक’ हे नाव या लेखात आहे. आणि ‘लेण’ हा शब्दही तोच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृतातील शब्द आपण आजही जसाच्या तसा उच्चारतो, ही गोष्ट शाळेत जाणाऱ्या मुलांना जरूर सांगण्यासारखी आहे.

लाकडाची नक्कल दगडात

अठरा क्रमांकाचे चैत्यगृह म्हणजे येथील पूजास्थान. आत स्तूप आहे आणि बाहेर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान आहे. ही कमान नीट पाहावी. तिच्यावर वाशांची टोके दिसतात, कठडे दिसतात, जाळी दिसते. दगडाला वाशांची काय गरज? डोंगर काही वाशावर उभा नसतो. पण त्या काळी घरे, वाडे, सभामंडप लाकडाचे होते. ते लाकूड केव्हाच कुजून गेले. कारागिरांनी तेच घर दगडात उतरवले म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार छप्पर कसे चढवत होता, हे आपल्याला आज कळते. त्या अर्थाने हा डोंगर जुन्या घरबांधणीचे संग्रहालयच आहे. आमच्याबरोबर सुतारकाम करणारे एक बंधू होते. ते कमानीखाली बराच वेळ थांबले आणि कोणता वासा कशावर टेकवलेला दाखवला आहे, हे त्यांनी मुलांना बोटाने दाखवले. पुस्तकात वाचून असे कळले नसते.

तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या विहारात आणखी एक गमतीची गोष्ट आहे. ओसरीच्या खाली धष्टपुष्ट माणसे कोरली आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर तुळया आहेत, जणू सगळी इमारत त्यांनीच उचलून धरली आहे. जाणकार त्यांना यक्ष म्हणतात. आमच्यातील मार्केट यार्डात हमाली करणारे काका हसून म्हणाले, “अहो, ही तर आमचीच मंडळी!”

लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाचे पाणी साठवून वर्षभर वापरण्याची ही सोय. दहाव्या लेण्याच्या लेखात लेण्याबरोबर ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकी करवल्याची नोंद आहे. बायाबापड्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही, त्यामुळे आमच्या महिला मंडळींनी त्या टाक्या सर्वांत जास्त बारकाईने पाहिल्या.

दरमहा दरशेकडा एक

आमचा पेशा कारकुनी. म्हणून दहाव्या लेण्याच्या ओसरीत आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणे करवले. त्याचा येथील एक लेख म्हणजे सरळसरळ ठेवीची पावती आहे.

त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, कायम ठेव म्हणून दिली. ती ठेवली कोणाकडे? राजाच्या तिजोरीत नव्हे, तर जवळच्या गोवर्धन नगरातील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनांकडे. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दर महिना शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,००० ठेवले, महिना शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आम्ही तिकिटाच्या मागच्या बाजूला मुलांकडून गणित करवून घेतले. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा म्हणजे २४०. एका नाण्याचाही फरक नाही! दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला नव्वद होते, आणि ते भिक्खूंच्या इतर खर्चासाठी असे मानले जाते. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही शेवटी लिहिले आहे. सभेपुढे वाचन झाले आणि दप्तरात नोंद झाली. आज आपल्या पतपेढीच्या सभेत याहून वेगळे काय होते?

बाराव्या लेण्यात हेच गणित लहान प्रमाणात भेटते. रामणक नावाच्या व्यापाऱ्याने १०० कार्षापण संघाच्या हाती ठेवले आणि तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूला चीवरासाठी बारा द्यायचे ठरवले. शंभरावर वर्षाला बारा. दर तोच! यावरून गोवर्धनच्या बाजारात हा दर रुळलेला असावा, असे म्हणता येते.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. राजाचा जावई आपली ठेव विणकरांकडे ठेवतो, आणि ती कायमसाठी ठेवतो. विणकर आपला शब्द पिढ्यान् पिढ्या पाळतील, असा विश्वास असल्याशिवाय हे घडत नाही. येवल्याचे पैठणीचे माग आणि मालेगावचे यंत्रमाग ज्या जिल्ह्यात चालतात, त्याच जिल्ह्यातील ही गोष्ट आहे. पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने येथील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्यात १,००० कार्षापण ‘कुलरिक’ श्रेणीकडे होते, तिचा अर्थ अभ्यासक कुंभार असा लावतात. २,००० ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे होते. तेल्यांच्या श्रेणीचेही नाव आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ज्या धंद्यांकडे पुढच्या काळात हलके म्हणून पाहिले गेले, ते धंदे करणारे लोक त्या काळी विश्वस्त होते. ही गोष्ट पुराणातील नाही, दगडावर कोरलेली आहे.

आईचे नाव पुढे

कुटुंबाच्या पानासाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या डोंगरावर स्त्रियांची नावे ठिकठिकाणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा भव्य विहार गौतमी बलश्री या राजमातेने भिक्खुसंघाला दिला. अठराव्या चैत्यगृहाचे काम भट्टपालिका नावाच्या स्त्रीने पूर्ण करवले, तर त्याच्या दर्शनी भागासाठी धंभिक गावाने मिळून दान दिले. दहाव्या लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने खोली दिली. विसावे लेणे बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केले होते, ते बरीच वर्षे अपुरे राहिले. महासेनापतीची पत्नी वासु हिने ते पुरे केले. राजेसुद्धा गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख लावतात. आपल्या महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचे नाव लावणे सक्तीचे केले. त्रिरश्मीवर ती रीत एकोणीसशे वर्षांपूर्वीच दिसते.

दान देणारे सगळे राजघराण्यातील नव्हते. आठव्या लेण्याच्या दात्याचे नाव मुगूदास. त्याला ‘दासक’ म्हटले आहे आणि त्याचा अर्थ मासेमार असा केला जातो. सतरावे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे, म्हणजे ग्रीक माणसाचे आहे. शक, यवन, व्यापारी, मासेमार असे सारे एका रांगेत!

एकाच डोंगरावर दोन गोष्टी

पण आपण जे आहे ते सगळे वाचले पाहिजे, सोयीचे तेवढेच नव्हे. गौतमी बलश्रीच्या ज्या लेखात विहाराचे दान आहे, त्याच लेखात तिच्या मुलाची स्तुतीही आहे. त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असे त्यात अभिमानाने लिहिले आहे. उषवदाताच्या लेखात बौद्ध भिक्खूंना दिलेल्या दानाबरोबर ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावे आहेत, त्याचबरोबर तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी ठेवलेल्या फुकट नावाही आहेत. म्हणजे विषमतेचा विचार तेव्हाही जिवंत होता आणि राजे दोन्ही बाजूंना हात देत होते. त्या काळी सारे समान होते, असे मुलांना सांगणे खरे होणार नाही. एवढे मात्र ठामपणे सांगता येते की, विणकराचा, कुंभाराचा, मासेमाराचा मान दगडात नोंदवणारी एक जागा तेव्हा होती, आणि ती या डोंगरावर होती.

आणखी एका गोष्टीची आठवण आमच्याबरोबर आलेल्या एका आजींनी करून दिली. आजींनी लहानपणी १९७२ च्या दुष्काळात आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. दगडाचा स्वभाव त्यांना ठाऊक. सगळी नावे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, देणाऱ्याची नावं लई सांगितली. पण हा डोंगर ज्यानं फोडला, त्याचं नाव कुठं हाय?”

आम्ही म्हणालो, “आजी, या लेखांत ते नाही.”

“मग त्याची मजुरी?”

तीही नाही. कार्ल्याच्या लेण्यात सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, दरवाजा त्याने केला अशी नोंद आहे. पण वर सांगितलेल्या त्रिरश्मीच्या लेखांत छिन्नी-हातोडा चालवणाऱ्याचे नाव सापडत नाही. त्याची खूण फक्त भिंतीवर आहे. जेथे काम अपुरे राहिले, तेथे छिन्नीचे घाव अजून दिसतात. आजींनी त्या घावांवरून हात फिरवला नाही, कारण आम्ही सर्वांना भिंतींना हात लावू नका असे बजावले होते. त्या फक्त पाहत राहिल्या.

हा डोंगर अजून पुरता उलगडलेला नाही. इंग्रज अधिकारी जेम्स डेलामेन याने १८२३ साली या लेण्यांची पहिली लेखी माहिती दिली, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, मे २०२१ मध्ये येथे आणखी लेणी सापडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कर्मचाऱ्यांना ती पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईच्या वेळी दिसली. मोठमोठ्या पंडितांच्या नजरेतून जे सुटले, ते झाडलोट करताना सापडले, ही गोष्ट आपल्या लोकांना आनंद देणारी आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे

शहर बसने पाथर्डी फाट्याला उतरून पुढे रिक्षाने किंवा पायी जाता येते. लेण्यांना तिकीट आहे, मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. सकाळी लवकर जावे, उन्हाच्या आधी पायऱ्या चढून होतात. पाणी बरोबर ठेवावे. गुडघेदुखीच्या मंडळींना खालच्या बुद्ध स्मारकात बसता येते. श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी २०२३ साली तेथे लावली आहे. एक वही आणि पेन्सिल प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. तीन, दहा, अठरा आणि एकोणीस ही चार लेणी नीट पाहिली तरी अर्धा दिवस सार्थकी लागतो. अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आहेत, त्याही दाखवाव्यात.

एक विनंती मात्र सर्वांना आहे. काही लोक येथील भिंतींवर स्वतःचे नाव कोरतात. तसे आपल्यापैकी कोणीही करू नये, आणि कोणी करताना दिसला तर त्याला थांबवावे. नाव लिहायचेच असेल, तर घरी येऊन वहीत लिहावे, आणि ते आपले नव्हे. आपल्या आजीने कोठे खडी फोडली, आजोबा कोणत्या गिरणीत होते, पणजी टोपल्या विणत होती की विड्या वळत होती, तिला रोज किती मिळे, हे सारे नाव, गाव, साल आणि मजुरीसह लिहून ठेवावे. सांगणारी माणसे अजून घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्यावे. लेणी फोडणाऱ्यांची नोंद कोणी ठेवली नाही. आपल्या घरातील कष्टकऱ्यांची नोंद ठेवणे तरी आपल्या हातात आहे.